अकरा नावांची यादी आणि तीन संध्याकाळी

वाचकाचा प्रश्न: मिरज परिसरात रुग्णालयांसाठी ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणारी यंत्रे, आणि तत्सम स्टीलची उपकरणे बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याचे चाळिशीतले भागीदार लिहितात, की येत्या नोव्हेंबरात मेडिका या वैद्यकीय उपकरणांच्या प्रदर्शनासाठी ते पहिल्यांदाच जर्मनीतील ड्युसेलडॉर्फला जाणार आहेत. दिवसभर प्रदर्शन आणि हातात तीन संध्याकाळी. त्या गावात जे बनते तेच प्यावे, अशी त्यांची इच्छा आहे. इंटरनेटवरच्या गुणांकनावरून त्यांनी अकरा ब्रुअरींची आणि ब्रूपबची, म्हणजे स्वतः बिअर बनवून तिथेच पाजणाऱ्या पबची, यादी केली आहे, पण मन साशंक आहे. दोन वर्षांपूर्वी बंगळुरात अशीच यादी घेऊन ते एका संध्याकाळी चार ठिकाणी फिरले होते. चारही ठिकाणी कानठळ्या बसवणारे संगीत होते आणि चौथ्या ठिकाणी काय प्यालो, हे दुसऱ्या दिवशी आठवत नव्हते. या वेळी आणखी एक अडचण आहे. सोबत कारखान्याचे संस्थापक असलेले काका आहेत. ते शाकाहारी आहेत, दारूला शिवत नाहीत आणि पुतण्याने घेतलेली त्यांना आवडेल की नाही, याची खात्री नाही. “यादीतली कोणती नावे ठेवू, खरी जागा आणि पर्यटकांसाठी मांडलेली जागा यांतला फरक कसा ओळखू आणि काकांना हॉटेलवर विश्रांती घ्यायला सांगून एकटाच जाऊ का?” असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रात “त्या गावात जे बनते तेच” हे शब्द दोनदा आले आहेत आणि “उत्तम” हा शब्द सात वेळा. माझ्या मते या दोन अपेक्षा एकमेकींच्या आड येत आहेत आणि तुमच्या यादीचा घोटाळा तिथूनच सुरू होतो. गुणांकनावरून उत्तम ठरलेल्या अकरा जागा शोधल्या, की जगातल्या कोणत्याही मोठ्या शहरात शोभतील अशा अकरा जागा हाती लागतात. गावाची स्वतःची बिअर हवी असेल, तर आधी एकच गोष्ट विचारायला हवी: या गावात पूर्वीपासून काय बनते आणि ते आजही कोणत्या छपराखाली बनते? ड्युसेलडॉर्फच्या बाबतीत तुम्ही भाग्यवान आहात, कारण या प्रश्नाला तिथे अगदी नेमके उत्तर आहे.

ड्युसेलडॉर्फची बिअर म्हणजे आल्ट. या शब्दाचा अर्थ ‘जुने’, आणि जुनेपण आहे ते बनवण्याच्या पद्धतीचे. आपण भारतात सहसा पितो ती फिकट, थंडगार लागर. तिचे यीस्ट कमी तापमानात सावकाश काम करते आणि भांड्याच्या तळाशी बसते. एकोणिसाव्या शतकात ही पद्धत जर्मनीभर पसरली, तेव्हा ऱ्हाइन नदीकाठच्या या भागाने आपली पूर्वीची रीत सोडली नाही. इथले यीस्ट साधारण पंधरा ते वीस अंश सेल्सियसला काम करते आणि फेसाबरोबर वर येते. त्यानंतर मात्र ती बिअर काही आठवडे थंडीत मुरत ठेवतात, त्यामुळे चव स्वच्छ राहते आणि फळांसारखा वास फारसा उरत नाही. गडद भाजणीच्या माल्टमुळे, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूमुळे, रंग तांब्यासारखा येतो आणि हॉप्स या वेलीच्या कडवट फुलांमुळे शेवटी जिभेवर कोरडा कडवटपणा राहतो. पहिला घोट तुम्हाला बहुधा कडू लागेल. त्यावरून मत बनवू नका, एक पूर्ण ग्लास होऊ द्या.

आता तुमची एक अपेक्षा थोडी सैल करावी लागेल. पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही छोटी ब्रुअरी सुरू झाली आणि त्यानंतर महाराष्ट्रात मायक्रोब्रुअरी म्हटले, की भिंतीवरच्या फलकावर आठ-दहा प्रकारांची नावे आणि चव पाहण्यासाठी छोट्या ग्लासांचा संच, हे चित्र आपल्या मनात पक्के झाले. ड्युसेलडॉर्फच्या जुन्या ब्रुअरीत तसला फलक नसतो. तिथे मुख्यतः एकच बिअर बनते आणि तुम्ही बसलात की तीच समोर येते. “निवडायला काही नाही” आणि “वाढपी फटकळ आहे” या दोन तक्रारी मी अशा जागांबद्दल वारंवार वाचल्या आहेत. तुमच्या यादीत ज्या जुन्या घरांचे, म्हणजे जुन्या ब्रुअरींचे, गुण कमी दिसत आहेत, त्यांच्याबद्दलच्या तक्रारी एकदा सावकाश वाचा. ज्याला दुसरे नावे ठेवतात, तेच तुम्ही एवढ्या लांबून शोधायला निघाला असाल.

यादीतली चार नावे ठेवा. बाकीची वाईट आहेत असे नाही, पण तीन संध्याकाळींसाठी तीन आणि एक राखीव, एवढी पुरेशी आहेत, आणि या चार घरांत जुन्या रीतीची बिअर त्याच वास्तूत बनते. पहिले यूरिगे. ते जुन्या गावात, बेर्गर श्ट्रासच्या कोपऱ्यावर आहे. ते १८६२ पासून चालू आहे आणि त्याच्या नावाचा अर्थच ‘तिरसट’ असा आहे, कारण मूळ मालकाचा स्वभाव तसा होता. चौघांत सर्वांत कडू बिअर इथली, आणि माझ्या मते सर्वांत खरी. आतमध्ये लहान-मोठ्या अनेक खोल्या आहेत आणि नोव्हेंबरच्या थंडीतही काही माणसे बाहेर उंच मेजांभोवती उभी राहून पितात. दुसरे फ्यूक्सशेन, म्हणजे ‘छोटा कोल्हा’. ते राटिंगर श्ट्रासवर १८४८ पासून आहे. तिथली बिअर जरा मऊ असते आणि लांब बाकांवर गावातली कुटुंबे जेवायला आलेली दिसतात. तिसरे श्ल्युसेल, म्हणजे ‘किल्ली’. ते बोल्कर श्ट्रासवर आहे आणि १८५० मधले आहे. ती गल्ली पर्यटकांनी भरलेली असते, म्हणून तुम्ही कदाचित ते नाव खोडले असेल, पण खोडू नका. तिथल्या दालनातच तांब्याच्या कढया उभ्या आहेत आणि त्यांचे महत्त्व पुढे काकांच्या संदर्भात सांगतो. चौथे शूमाखर. १८३८ पासूनचे हे घर चौघांत सर्वांत जुने. ते जुन्या गावाबाहेर, रेल्वे स्थानकाच्या बाजूला ओस्ट श्ट्रासवर आहे. इथली बिअर माल्टकडे झुकणारी आहे आणि गर्दी त्या मानाने कमी असते. प्रदर्शनाच्या मैदानावरून यू-७८ क्रमांकाची गाडी पकडून हाइनरिश-हाइने-आले या स्थानकावर उतरलात, की पहिली तीन घरे चालत दहा-बारा मिनिटांच्या आत आहेत.

खरी जागा कशी ओळखायची, हे तुम्ही विचारले आहे. मला सजावट, जुनी छायाचित्रे आणि लाकडी तुळया यांवर विश्वास ठेवावासा वाटत नाही, कारण त्या विकत घेता येतात. मी पिंपाकडे पाहतो. ड्युसेलडॉर्फच्या या घरांत आजही काउंटरवर लाकडी पिंप चढवतात, लाकडी हातोडीने त्याला तोटी ठोकतात आणि बिअर केवळ स्वतःच्या वजनाने ग्लासात उतरते. बाहेरून वायूचा दाब दिलेला नसतो, त्यामुळे फेस मऊ असतो आणि पोट फुगत नाही. पण अशा उघड्या पिंपातली बिअर फार वेळ टिकत नाही, ते पिंप लवकर रिकामे व्हावेच लागते. म्हणून अर्धा तास बसा आणि नवे पिंप किती वेळा चढते ते मोजा. जिथे गावातली माणसे एवढी पितात की पिंपाला शिळे व्हायला वेळच मिळत नाही, ती जागा खरी, मग शेजारच्या मेजावर पर्यटक असोत किंवा नसोत.

बसल्यावरच्या रीती थोडक्यात सांगतो, कारण त्या आधी माहीत नसल्या की माणूस उगाच अवघडतो. वाढप्याला क्योबेस म्हणतात. त्याचा निळा वेश ठरलेला असतो आणि त्याचा फटकळपणाही परंपरेने ठरलेला असतो, तो मनाला लावून घेऊ नका. ग्लास लहान असतो, बहुतेक ठिकाणी पाव लिटरचा. तो रिकामा झाला की न विचारता दुसरा येतो आणि ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने एक रेघ पडते. ती चकती म्हणजेच तुमचे बिल, ती हरवू नका. थांबायचे असेल तेव्हा हीच चकती ग्लासावर झाकण म्हणून ठेवा, एवढी खूण पुरते. मेज दुसऱ्यांबरोबर वाटून घेण्याची पद्धत आहे, म्हणून रिकाम्या खुर्चीकडे हात करून “इस्ट हिअर फ्राय?”, म्हणजे ‘ही जागा रिकामी आहे का?’, असे विचारावे. खिशात थोडी रोकड असू द्यावी आणि बिलाची रक्कम वरच्या पूर्ण आकड्यापर्यंत न्यावी.

इथे एक हिशेब आवर्जून मांडतो, कारण बंगळुरात तुमचे नेमके तेच चुकले होते. पाव लिटरचे पाच ग्लास म्हणजे सव्वा लिटर, म्हणजे आपल्याकडच्या ६५० मिलिलिटरच्या जवळजवळ दोन बाटल्या. ग्लास लहान आहे, ताजा आहे आणि न मागता येतो, त्यामुळे पाच कधी झाले हे कळत नाही. आल्टमध्ये मद्यार्क पाच टक्क्यांच्या आत-बाहेर असतो. यूरिगे जानेवारी आणि ऑक्टोबर महिन्यांच्या तिसऱ्या मंगळवारी श्टिके नावाची जी खास बिअर काढते, ती त्याहून कडक असते. तुम्ही नोव्हेंबरात जात आहात, त्यामुळे ती हुकेल, आणि हुकली म्हणून हळहळू नका. एका संध्याकाळी एकच घर, तीन ग्लास आणि सोबत जेवण, एवढे ठरवून गेलात तर दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात तुमचे डोकेही जागेवर राहील आणि आदल्या रात्रीची चवही आठवेल.

आता काकांविषयी. त्यांना विश्रांतीच्या नावाखाली हॉटेलवर ठेवून जाण्याचा विचार मला पटत नाही. ज्यांनी कारखाना उभा केला आणि पहिल्या परदेशवारीत तुम्हाला सोबत नेले, त्यांच्याशी तीन संध्याकाळी खोटे बोलण्यात तुमचा सगळा आनंद विरून जाईल. शिवाय तुम्ही असे गृहीत धरले आहे, की न पिणाऱ्या माणसाला ब्रुअरीत रस घेण्यासारखे काही नसते. काकांचे आयुष्य स्टीलची भांडी, वाफ, दाब, वेल्डिंगचे जोड आणि निर्जंतुक पृष्ठभाग यांत गेले आहे. ब्रुअरीही याच गोष्टींवर चालते. दळलेले माल्ट साधारण पासष्ट अंशांच्या पाण्यात भिजवून त्यातल्या पिष्टाची साखर होऊ द्यायची, तो गोड रस हॉप्सबरोबर तास-दीड तास उकळायचा, मग झपाट्याने थंड करून यीस्टच्या स्वाधीन करायचा. उकळून थंड केल्यानंतर टाकीच्या जोडात जरा जरी घाण राहिली, तरी नको ते जंतू शिरून सगळा घाणा आंबट होतो. स्टीलचा पृष्ठभाग किती गुळगुळीत हवा, नळीला कोपरा का नसावा, वाफेने टाकी कशी धुवावी, हे प्रश्न तुमच्या काकांनी चाळीस वर्षे सोडवले आहेत. म्हणूनच श्ल्युसेलचे नाव खोडू नका म्हणालो. पहिल्या संध्याकाळी त्यांना तिथे न्या, त्या कढया दिसतील असे मेज मागा आणि निघण्यापूर्वी हॉटेलवरच साध्या शब्दांत सांगा, “काका, मी तिथे दोन-तीन ग्लास बिअर घेणार आहे, पण तुम्ही त्यांची भांडी पाहायला यावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.” ते नाही म्हणाले, तर तो त्यांचा निर्णय, आणि मग उरलेल्या दोन संध्याकाळी तुम्ही मोकळेपणाने जाऊ शकाल. ते आले, तर त्यांच्यासाठी आल्कोहोलफ्राय, म्हणजे मद्यार्कविरहित बिअर, न मागता आपफेलशोर्ले मागवा. हा सफरचंदाचा रस आणि सोडा असतो. बिअर या नावाचाच त्यांना संकोच वाटेल.

शाकाहाराच्या बाबतीत थोडे सावध राहावे लागेल, कारण इथल्या पदार्थांची नावे फसवी आहेत. ‘हाल्वे हान’ याचा शब्दशः अर्थ अर्धा कोंबडा, पण ताटलीत येतो तो राय या धान्याचा पाव, गौडा चीजचा जाड तुकडा, मोहरी आणि कांदा. हा शाकाहारी आहे आणि तुमचे मुख्य जेवण ठरू शकतो. उलट ‘हिमेल उन एट’, म्हणजे ‘स्वर्ग आणि पृथ्वी’, हे ऐकायला सफरचंद आणि बटाट्याचे साधे जेवण वाटते, पण त्याबरोबर रक्ताचे सॉसेज येते. ‘मेट’ असे लिहिलेला पाव तर डुकराच्या कच्च्या खिम्याचा असतो. बटाट्याच्या किसाची राइबेकूखेन ही धिरडी सफरचंदाच्या मुरंब्याबरोबर मिळतात, मात्र त्यांत सहसा अंडे असते, हे काकांना आधी सांगा. बिअरच्या घटकांबद्दल कोणी शंका काढली, तर जर्मनीत १५१६ च्या बव्हेरियातील नियमापासून चालत आलेली आणि १९०६ मध्ये साऱ्या साम्राज्यात लागू झालेली रीत अशी, की धान्य, हॉप्स, यीस्ट आणि पाणी यांपलीकडे सहसा काही घालायचे नाही. इंग्लंडमधल्या काही पिंपांतल्या बिअरी नितळ करण्यासाठी माशाच्या अवयवापासून केलेला पदार्थ वापरतात, तो प्रश्न इथे येत नाही. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यात २०१३ पासून पबमध्ये धूम्रपानाला पूर्ण बंदी आहे, त्यामुळे धुराचा त्रासही काकांना होणार नाही.

तुमच्या यादीत कोलोनचीही तीन नावे आहेत. कोलोन रेल्वेने सुमारे अर्ध्या तासावर आहे आणि तिथली बिअर निराळी आहे. तिला कोल्श म्हणतात. ती फिकट, हलकी असते आणि श्टांगे नावाच्या सरळ उभ्या २०० मिलिलिटरच्या ग्लासात येते. १९८६ मध्ये तिथल्या ब्रुअरींनी आपसात करार करून या नावाचे नियम ठरवले आणि १९९७ पासून युरोपीय संघाचेही त्याला संरक्षण आहे. पैठणीला किंवा नागपूरच्या संत्र्याला आपण जो भौगोलिक हक्क देतो, तसाच हा. पण प्रदर्शन संपल्यावर रात्री धावतपळत जाऊन परत येण्यात अर्थ नाही. परतीच्या विमानाआधी अर्धा दिवस हाती असेल, तरच जा, काकांबरोबर आधी कॅथेड्रल पाहा आणि मग फ्रीसेन श्ट्रासवरच्या पेफगेनमध्ये बसा. कॅथेड्रलसमोरच्या फ्र्यूचे घर १९०४ पासूनचे आहे आणि चांगले आहे, पण त्याची बिअर आता शहराच्या कडेला बनते. तुमच्या “तिथेच बनलेली” या अटीत पेफगेन बसते. एक तारीख मात्र टाळा. ११ नोव्हेंबरला सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी दोन्ही शहरांत कार्निव्हलचा मोसम सुरू होतो आणि त्या दिवशी कोलोनच्या जुन्या भागात पाय ठेवायला जागा नसते. मेडिकाच्या तारखा कधी कधी याच आठवड्यात येतात, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी दिनदर्शिका पाहा.

तुमच्यासारखाच प्रश्न घेऊन इतर शहरांत जाणारे वाचक हे सदर वाचतात, त्यांच्यासाठी थोडे लिहितो. ज्या गावाला स्वतःची जुनी बिअर आहे, जशी जर्मनीतल्याच बाम्बर्गला धुरावर वाळवलेल्या माल्टची किंवा चेक प्रजासत्ताकातल्या प्लझेनला १८४२ पासूनची सोनेरी लागर, तिथे तीच बिअर तिच्या घरी जाऊन प्यावी आणि नव्या ब्रूपबचा विचार नंतर करावा. बंगळूर किंवा पुणे यांसारख्या शहरांत अशी एक जुनी बिअर नाही, तिथे बिअर बनवणाऱ्या माणसाचा हात पाहावा लागतो. त्यासाठी शनिवारची रात्र टाळून मधल्या वारी दुपारी किंवा संध्याकाळी लवकर जावे. तेव्हा संगीत कमी असते आणि ब्रुअर टाक्यांपाशी सापडण्याची शक्यता असते. “या आठवड्यात कोणती टाकी नवी उघडली?” एवढाच प्रश्न विचारावा. उत्तर चटकन आणि आनंदाने आले, तर तीच मागवावी. पहिला घोट घेण्यापूर्वी ग्लास नाकाशी धरावा. फिकट बिअरला वितळलेल्या लोण्याचा, उकडलेल्या मक्याचा किंवा शिरक्याचा वास येत असेल, तर बनवण्यात, टाकीत किंवा नळीच्या स्वच्छतेत काहीतरी बिघडले आहे. गव्हाच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, तो मात्र यीस्टचा आहे आणि हवाच असतो. ग्लास रिकामा होताना आतल्या काचेवर फेसाची कडी उरत गेली, तर ग्लास स्वच्छ धुतलेला आहे असे समजावे. चांगल्या ब्रुअरला शेवटी एवढे विचारावे, की सुट्टीच्या दिवशी तो स्वतः कुठे जातो. मला सर्वांत चांगल्या जागा याच प्रश्नाने दाखवल्या आहेत. आपल्याकडे परतताना रिक्षा किंवा टॅक्सीच करावी. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्क ही कायद्यातली मर्यादा आहे आणि ती फार लवकर ओलांडली जाते.

तुम्ही पत्राच्या शेवटी घरी काय आणावे, हेही विचारले आहे. भारतात येताना प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येते, पण आल्टची बाटली आणू नका. तिची गंमत पिंपाच्या ताजेपणात आहे आणि ती सामानात येत नाही. ड्युसेलडॉर्फची तिखट मोहरी मात्र प्रसिद्ध आहे. निळसर नक्षीच्या करड्या मातीच्या छोट्या बुधल्यात ती मिळते, जुन्या गावातल्या दुकानात काकांनाच निवडू द्या आणि काकूंसाठी एक जास्तीचा बुधला घ्या.